आपला बाजार आणि आपला शेजार
(देवळाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सव मंडळानें आम्हांस या प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां विषय कोणता घ्यावा असें आम्हीं विचारलें. मंडळाचें उत्तर आलें कीं, देवळाच्या इतिहासावर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत, संतांच्या चरित्रांवर बोलणारेहि आहेत. आपण आपल्या गांवच्या बाजाराविषयीं आणि गांवच्या सार्वजनिक जीवनाविषयीं बोलावें. हें ऐकून आम्ही क्षणभर थबकलों. देवळाच्या उत्सवांत दुकानांच्या गोष्टी कशाला, असा प्रश्न आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत आतां आला असेल, तसाच तो आमच्याहि मनांत आला होता.

परंतु थोडा विचार करितां आमच्या ध्यानांत आलें कीं, ज्याला आपण वसईचा सुपुत्र म्हणून अभिमानानें गौरवितों, तो संत गोन्सालो गार्सिया संन्यस्त जीवन स्वीकारण्यापूर्वीं व्यापारीच होता. सोळाव्या शतकांत या वसईंत जन्मलेला हा मुलगा तरुणपणीं पूर्वेकडे गेला, जपानांत राहिला, तेथील भाषा शिकला आणि तिकडच्या बंदरांत व्यापार करून नांवारूपास आला. पुढें मनिला येथें तो फ्रान्सिस्कन बंधु झाला आणि जपानांत परतल्यावर आपल्या सोबतच्या धर्मगुरूंचा दुभाषी म्हणून त्यानें काम केलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रूसावर त्यानें प्राण दिले, आणि १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें त्याला संतपद दिलें. आतां पाहा, गिऱ्हाइकाशीं बोलतां यावें, लोकांची रीतभात कळावी, शब्द दिला तर तो पाळावा, हे गुण त्यानें बाजारांतहि वापरले असतील, आणि तेच गुण पुढें देवाच्या कार्यास उपयोगीं पडले. तेव्हां देवळाच्या उत्सवांत बाजाराचें नांव काढणें हें अनुचित नव्हे, अशी आमची खात्री झाली, आणि आम्ही निर्भयपणें आपणांपुढें उभे राहिलों.

आपण एखाद्या रविवारीं पहांटेचें मिस्साबलिदान आटोपल्यावर आमच्याबरोबर पायीं चला. देवळाच्या फाटकाशींच फुलवाली बसलेली असते. तिच्या टोपलींत मोगरा, जास्वंद, सोनचाफा असतो. तीं फुलें कालच्या संध्याकाळपर्यंत किंवा आज भल्या पहांटे आपल्याच कोणाच्या तरी वाडींत झाडावर होतीं. पुढें बेकरींतून ताज्या पावाचा वास येतो. त्यापुढें भाजीवाल्या बसतात. दुधी, पडवळ, वांगीं, मुळे आणि लाल माठ यांचे ढीग त्यांच्यापुढें मांडलेले असतात. केळींवाल्याकडे वेलची आहे, बसराई आहे, आणि जर दैव अनुकूल असेल तर राजेळीहि आहे. मासळीबाजाराकडे वळावें तों पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगांव, अर्नाळा या बाजूंच्या कोळणी पापलेट, बोंबील, मांदेली, कोळंबी आणि चिंबोऱ्या घेऊन बसलेल्या दिसतात. भाव सांगण्याची त्यांची पद्धत, आणि तो पाडून मागण्याची आपल्या गृहिणींची पद्धत, यांत दोन्ही बाजूंस जो आनंद असतो तो ज्यानें अनुभवला नाहीं त्यास शब्दांनीं सांगून कळणार नाहीं. दोघीहि रागावल्यासारख्या दिसतात आणि दोघीहि मनांतून प्रसन्न असतात. शेवटीं कोळीण एखादें मांदेलें वर टाकून म्हणते, "ने गो बाय, पोरांना घाल," आणि तंटा मिटतो.

पारनाक्यापासून झेंडाबाजार व होळीबाजारापर्यंत, किंवा बंगलीपासून पापडीच्या आठवडे बाजारापर्यंत, आपण या रीतीनें फिरलों तर पिशवींत जेवढें सामान भरतें त्याहून अधिक गांवच्या गोष्टी कानांत भरतात. कोणाची आई आजारी आहे, कोणाच्या मुलाची परीक्षा झाली, कोणाचें लग्न ठरलें, कोणत्या आळींत विहिरीचें पाणी आटलें, हें सर्व तेथें कळतें. शिंपी माप घेतांना बापाची चौकशी करितो. किराणेवाला पेन्शनीच्या म्हाताऱ्यास खुर्ची देतो. असा बाजार म्हणजे गांवानें एकमेकांची रोज घेतलेली हजेरीच होय. एखादी विधवा दोन दिवस बाजारांत दिसली नाहीं, तर तिसऱ्या दिवशीं तिच्या दारावर थाप पडते.

हा बाजार आजचा नव्हे. १५३४ च्या डिसेंबरांत गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें तहान्वयें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांच्या फौजेनें ती जिंकून घेतली. मधल्या दोनशें वर्षांत येथें जहाजें बांधलीं जात, आणि येथील दगड गलबतांत भरून गोव्यापर्यंत जात असे. जुन्या गोव्यांतील बॉम जेझूच्या देवळाच्या दर्शनी भागावर जें घडीव काळें दगडकाम आहे, तो दगड वसईकडचाच होय. पुढें ३१ डिसेंबर १८०२ रोजीं याच वसईंत दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह केला. राज्यें आलीं आणि गेलीं. किल्ल्यांतील मठांचीं व देवळांचीं छपरें गेलीं, भिंतींवर पिंपळ उगवले; परंतु किल्ल्याच्या बाहेर वाडींत पाणी देणारा शेतकरी आणि भरतीची वाट पाहणारा कोळी हे आपल्या जागीं राहिले. त्यांच्या कष्टांवर ही वस्ती टिकली, आणि त्यांच्यामुळें आपलीं देवळेंहि टिकलीं.

१८६४ सालीं आगगाडी सुरतेकडून मुंबईपर्यंत आली, आणि १८६७ च्या एप्रिलांत विरारहून मुंबईस लोकलगाडी सुरू झाली. तेव्हांपासून वसईच्या वाड्यांना मुंबईचें पोट मिळालें. विड्याचीं पानें करंड्यांत भरून दूर उत्तरेकडील शहरांत जाऊं लागलीं. केळीं, भाजी, फुलें आणि दूध मुंबईस जाऊं लागलें. आपल्या आया-आज्या पहांटेच्या काळोखांत पाटी डोक्यावर घेऊन स्टेशन गांठीत आणि दुपारीं रिकामी पाटी घेऊन परत येत. त्या पाटीच्या पैशांवर आपल्यापैकीं कित्येकांच्या शाळेची फी भरली गेली. आज जे आपण डॉक्टर, शिक्षक, कारकून व इंजिनियर म्हणून मिरवितों, ते बहुतेक त्या पाटींतूनच वर आलों, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल.

आपल्या भागांतील दोन धंद्यांची रीत येथें मुद्दाम सांगतों. कारण आपल्या लहान मुलांना ती ठाऊक नसते.

पहिला धंदा सुकेळ्यांचा. आगाशी आणि आसपासचा मुलूख यासाठीं प्रसिद्ध आहे. राजेळी जातीचीं मोठीं केळीं पूर्ण पिकूं द्यावीं लागतात. मग त्यांची साल काढून तीं उन्हांत कित्येक दिवस वाळवावीं लागतात. ऊन कमी पडलें तर केळें आंबतें, जास्त झालें तर कडक होतें. रोज सकाळीं मांडावें, रोज संध्याकाळीं आवरावें, आभाळ आलें कीं धांवावें. शेवटीं मधासारखा रंग येतो, आणि केळीच्या सुक्या पानांत तीं गुंडाळून ठेवितात. त्यांत साखर घातलेली नसते. जी गोडी आहे ती केळ्याची, उन्हाची आणि धीराची आहे. राजेळीची बाग कमी झाली कीं सुकेळेंहि कमी होतें, आणि बाग कां कमी होते तें आपण पुढें पाहूं.

दुसरा धंदा बोंबलाचा. आपला कोळी डोल नांवाचें पिशवीसारखें मोठें जाळें समुद्रांत खुंटांना बांधतो; भरती-ओहोटीचा प्रवाह त्यांतून वाहतो आणि मासळी जाळ्याच्या शेपटींत गोळा होते. म्हणून त्याचें घड्याळ भिंतीवर नसतें, तें समुद्रांत असतें. मध्यरात्रीं पाणी फिरलें तर मध्यरात्रीं त्याला निघावें लागतें. बोंबलाच्या अंगांत पाणी फार, त्यामुळें तो टिकत नाहीं. ताजा तो लगेच विकावा लागतो, उरलेला बांबूंच्या वलांडीवर जोडीजोडीनें टांगून वाळवितात. जून आणि जुलै या दोन महिन्यांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. मासळीच्या वाढीसाठीं तें आवश्यक आहे. त्या दिवसांत कोळ्याच्या घरीं मिळकत नसते, आणि हेंच वाळलेलें सुकट-बोंबील त्याला व आपल्यालाहि पावसाळ्यांत तारतात. पुढें नारळीपौर्णिमा येते. हिंदु कोळी समुद्रास नारळ अर्पण करितात, ख्रिस्ती कोळी आपल्या होड्यांवर धर्मगुरूंकडून आशीर्वाद मागतात, आणि दोघेहि एकाच वाऱ्यांत शिडें व इंजिनें घेऊन निघतात.

आतां धंद्याला भांडवल लागतें. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं तें सावकाराकडून येई. बियाणें, खत, बैल, मुलीचें लग्न, घरांतील आजारपण, प्रत्येकास कर्ज. आणि कर्जास तारण म्हणून वाडी. व्याज फिटे तोंवर पीक जाई, आणि पीक फिटे तोंवर वाडी जाई. १८९१ सालीं तेरावे लिओ या परमाचार्यांनीं कामकरी वर्गाविषयींचें आपलें प्रसिद्ध परिपत्रक काढलें आणि श्रमजीवी लोकांनीं आपापल्या संस्था उभारून परस्परांस आधार द्यावा असा उपदेश केला. जर्मनींत राइफायझन यांनीं खेड्यांतील पतपेढ्यांचा मार्ग त्यापूर्वींच घालून दिला होता, आणि १९०४ सालीं हिंदुस्थानांतहि सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. या सर्वांचा लाभ घेऊन ६ फेब्रुवारी १९१८ रोजीं मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनीं वसईच्या कॅथोलिक लोकांसाठीं सहकारी पतपेढी स्थापन केली. तीच आज बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक म्हणून अनेक शाखांनिशीं चालू आहे.

हा प्रसंग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. एक धर्मगुरु, ज्याचें काम प्रवचनाचें आणि संस्कारांचें, तो हिशेबाची वही हातीं घेतो, कां? तर सावकाराच्या दारांत अडकलेल्या शेतकऱ्याला "चिंता करूं नकोस" असें नुसतें सांगणें पुरेसें नाहीं, हें त्याला दिसत होतें. आणि त्या पतपेढीचें तारण तरी काय होतें? माणसाचा शेजार. अमका मनुष्य कष्टाळू आहे, दारू पीत नाहीं, घेतलेलें परत करितो, हें ज्यांना ठाऊक होतें तेच त्याला जामीन राहिले. गांव एकमेकांस ओळखतें, एवढ्या एका गोष्टीवर तो डोलारा उभा राहिला. गांवानें एकमेकांस ओळखणें ज्या दिवशीं बंद केलें, त्या दिवशीं अशी पतपेढी कोणालाहि पुन्हां काढतां येणार नाहीं.

येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. ती दिल्यावांचून पुढें बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आपल्याच देवळाच्या सणाच्या तयारीचें काम आम्हां कांहीं मंडळींकडे होतें. हार, माळा आणि वेदीची सजावट यांचा प्रश्न निघाला. आमच्यापैकीं एकानें शहरांतील ठोक व्यापाऱ्याचा भाव आणला. तो पुष्कळ स्वस्त होता. अर्धीं फुलें खरीं आणि अर्धीं कापडाचीं व प्लास्टिकचीं, आणि तीं पुढील वर्षींहि चालतील असें आम्हांस सांगण्यांत आलें. पैसा लोकांचा, तो वाचविणें आपलें कर्तव्य, असा विचार करून आम्हीं होकार दिला. या निर्णयांत कोणाचा वाईट हेतु नव्हता. परंतु फाटकाशीं बसणाऱ्या फुलवाल्या मावशीला ही गोष्ट सांगावी, हें आमच्यापैकीं एकाच्याहि लक्षांत आलें नाहीं.

सणाच्या पहांटे आम्ही देवळाशीं आलों तों मावशी दोन टोपल्या घेऊन बसलेली. दरवर्षीं सणाला मंडळी फुलें नेतात, म्हणून तिनें शेजारच्या वाडींतून उधारीनें फुलें उचललीं होतीं. सुनेला आणि नातीला घेऊन रात्रभर माळा ओंवल्या होत्या. आंत वेदीवर सजावट झालेली तिनें पाहिली. मिस्साबलिदान संपलें, मिरवणूक निघाली, बँड वाजला, लोक घरोघरीं जेवायला गेले. दुपारीं बारा वाजतां दुसरी टोपली जशीच्या तशी होती. आम्ही तिच्याजवळ गेलों. ती कांहीं भांडली नाहीं, रडलीहि नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "मला आधीं सांगितलें असतें, तर मी एवढीं आणलीं नसतीं."

आम्हीं तीं फुलें विकत घेतलीं. परंतु बंधुभगिनींनो, तो व्यवहार नव्हता, ती दंडाची भरपाई होती, आणि तें तिलाहि समजत होतें व आम्हांलाहि. देवळाचे जे पैसे आम्हीं वाचविले, ते आम्हीं देवळाच्याच एका लेकीच्या खिशांतून काढले होते. ते आपल्या जमाखर्चाच्या वहींत शिल्लक म्हणून दिसले. तिच्या घरीं ते तूट म्हणून पडले. दोन्ही वह्या आपल्या धर्मग्रामाच्याच आहेत, हें त्या दुपारीं आमच्या ध्यानांत आलें.

या गोष्टीचा हिशेब मांडून पाहूं. समजा आपण शंभर रुपये फुलवालीला दिले. ती त्यांतले कांहीं वाडीवाल्याला देते, कांहीं किराणेवाल्याला. वाडीवाला शिंप्याकडे जातो, शिंपी कोळणीकडे, कोळणीचा मुलगा गांवच्याच शिक्षिकेकडे शिकवणीला जातो, आणि ती शिक्षिका रविवारीं पुन्हां फुलवालीकडे येते. तेच शंभर रुपये गांवांत पांच घरांच्या चुली पेटवून परत येतात. परंतु तेच शंभर रुपये आपण घरबसल्या फोनवर बोट दाबून दूर कोठें पाठविले, तर सामान दाराशीं येतें खरें, पण पैसा निघून जातो आणि पुन्हां आपल्या आळींत फिरकत नाहीं. सामान आणून देणारा तरुणहि कष्टाचाच भाकर-तुकडा खातो, त्याच्याशीं आपण सौजन्यानेंच वागलें पाहिजे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, स्वस्त काय आणि महाग काय हें ठरवितांना वस्तूवरील आंकड्याखेरीज आणखी एक आंकडा मनांत धरावा.

जें फुलवालीचें तेंच वाडीचें. शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक नसेल, तर त्याच्या जमिनीला मात्र गिऱ्हाईक तयारच असतें. गेल्या शतकाच्या अखेरीस वसईंत इमारतींची लाट आली, विहिरींचें गोडें पाणी टँकरांतून जाऊं लागलें, किनाऱ्याकडील विहिरी मचूळ होण्याचें भय उभें राहिलें. तेव्हां हरित वसई संरक्षण समितीनें लोकांस जागृत केलें, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं त्या चळवळीचें पुढारीपण केलें. २०२० सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होण्याचा मान याच धर्मगुरूंना मिळाला. २०२४ सालीं ते प्रभुघरीं गेले. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि आज आपण नगरवासी आहों. नगर वाढणारच, दुरून आलेल्या माणसांनाहि घर पाहिजे. परंतु मोर्चांत "वाडी वाचवा" म्हणणारे आपण घरीं आल्यावर वाडींतील केळें न घेतां दुकानांतील दूरदेशचें फळ घेऊं लागलों, तर वाडी कोणाच्या आधारावर वाचेल? राजेळीची बाग कां कमी होते, याचें उत्तर अंशतः आपल्याच पिशवींत आहे.

आतां दुकानदार मंडळी मनांतून प्रसन्न झाली असतील. म्हणून त्यांनाहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. गिऱ्हाईक केवळ दयेनें येत नसतें. वजन पुरें असावें, माल स्वच्छ असावा, भाव एका माणसाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असा नसावा. "आपलाच माणूस आहे, चालवून घेईल," असें म्हणून शिळा माल आपल्याच माणसाच्या गळ्यांत बांधणें हा शेजारधर्माचा द्रोह होय. दुकानांत काम करणाऱ्या मुलामुलींना योग्य पगार आणि रविवारची विश्रांति मिळाली पाहिजे. आणि गिऱ्हाइकांनींहि आपली एक खोड सोडावी. मोठ्या दुकानांत आपण रोख पैसे मोजतों, आणि गांवच्या किराणेवाल्याला मात्र "वहींत मांडून ठेव" असें सांगतों. ज्याच्याजवळ भांडवल थोडें त्याच्याकडून उधारी, आणि ज्याच्याजवळ पुष्कळ त्याला रोख, हा न्याय कोणता? या महोत्सवाच्या वर्षांत आपल्या नांवावरची प्रत्येक वही कोरी करावी, अशी आमची हात जोडून विनंति आहे. महोत्सवाचें वर्ष म्हणजे ऋणमुक्तीचें वर्ष, ही कल्पना तर पवित्र शास्त्राइतकीच जुनी आहे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपला बाजार म्हणजे केवळ ख्रिस्ती दुकानदारांचा बाजार, असा आमचा अर्थ मुळींच नाहीं. आपल्या नाताळाच्या करंज्यांचा रवा आणि सुकें खोबरें हिंदु किराणेवाल्याकडून येतें, आपल्या लग्नाचे मांडव आणि दागिने नाना जातिधर्मांच्या हातांतून येतात, आणि त्यांच्या गणपतीच्या हारांचीं फुलें आपल्या वाड्यांतून जातात. सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी, भंडारी, मुसलमान, जैन, आणि अलीकडे परप्रांतांतून आलेलीं कुटुंबें, हीं सर्व या बाजारांत एकमेकांवांचून अडतात. ज्यांच्याशीं आपण रोज व्यवहार करितों त्यांच्याविषयीं खोटी अफवा आपल्या मनांत सहजासहजी शिरत नाहीं. गांवांत शांतता राखण्याचें जें काम अनेक सभा करूं शकत नाहींत, तें एक मासळीबाजार बिनबोभाट करीत असतो.

सार्वजनिक जीवनाविषयींहि थोडें बोललें पाहिजे. १९९८ सालीं वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आपल्या देवळांभोवतीं शाळा, वाचनालयें, भजनी मंडळें, नाट्यमंडळें, खेळांचे सामने, संत व्हिन्सेंट दि पॉल सभेचें गरिबांसाठीं चालणारें कार्य, क्रूसाजवळ होणाऱ्या प्रार्थना, लग्नांतील उंबराच्या पाण्याची मिरवणूक आणि तिच्यापुढें वाजणारा बँड, हीं सर्व आहेत. परंतु यांतहि एक रोग शिरत आहे. आपण पाहणारे होत चाललों आहों, करणारे राहिलों नाहीं. पूर्वीं नाटक बसे तेव्हां सुताराचा मुलगा राजा होई आणि शिंपीण पोशाख शिवी. नाटक बरें होवो वा वाईट, अर्धा गांव त्यांत असे. आतां पैसे देऊन बाहेरचा कार्यक्रम आणितों, खुर्च्यांवर बसतों आणि टाळ्या वाजवून घरीं जातों. कार्यक्रम चांगला असतो. पण त्यानंतर कोणाची कोणाशीं ओळख वाढलेली नसते. आमचें मत असें कीं, चुकत-माकत गाइलेलें आपल्याच मुलांचें गीत अधिक मोलाचें आहे, कारण तें बसवितांना तीस घरें महिनाभर एकत्र येतात.

केवळ उपदेश करून खालीं बसणें बरें नव्हे. म्हणून चार साध्या गोष्टी सुचवितों. पहिली, या महोत्सवाचे हार, मेणबत्त्या, मिठाई, भोजन, छपाई आणि मांडव, जेवढें म्हणून आपल्या आसपास मिळतें तेवढें येथूनच घ्यावें, आणि तें महिनाभर आधीं सांगावें. "आधीं सांगावें" यावर आम्ही विशेष भर देतों. कां तें आपणांस कळलेंच आहे. दुसरी, प्रत्येक कुटुंबानें आठवड्यांतून एक दिवस तरी मुलांना हाताशीं घेऊन पायीं बाजार करावा, आणि त्या दिवशीं मुलानेंच भाव विचारावा व पैसे मोजावे. तिसरी, शाळेंतील मुलांना एकदां सुकेळ्यांच्या वाळवणावर आणि एकदां वलांडीवर नेऊन तें काम करणाऱ्यांच्याच तोंडून त्याची माहिती द्यावी. ज्या धंद्याला मुलें मान देत नाहींत तो धंदा बापाबरोबर संपतो. चौथी, देवळाच्या सभागृहांत वर्षांतून एकदां गांवच्या कारागिरांचा व उत्पादकांचा मेळा भरवावा, आणि त्यांत कोणत्याहि धर्माच्या शेजाऱ्यास मज्जाव नसावा.

या गोष्टींना मोठी रक्कम लागत नाहीं, सरकारची परवानगी लागत नाहीं. थोडी सवय बदलावी लागते, थोडें अधिक चालावें लागतें, आणि कधीं दोन रुपये अधिक द्यावे लागतात. जेव्हां दोन रुपये अधिक देणें आपल्याला परवडत नसेल, तेव्हां संकोच न करितां स्वस्त तेथें घ्यावें. गरिबावर आम्ही ओझें घालीत नाहीं. आम्ही बोलतों तें ज्यांना परवडतें त्यांच्याशीं, आणि त्यांत आम्ही स्वतःला प्रथम धरितों.

शेवटीं त्या मावशीविषयीं आपण विचाराल. पुढील सणाच्या आधीं आम्ही दोघे-तिघे तिच्या घरीं गेलों. तिनें आम्हांस बसायला दिलें, चहा केला, आणि मागील गोष्टीचा शब्दहि काढला नाहीं. किती माळा पाहिजेत, कोणत्या फुलांच्या पाहिजेत, हें तिनें नातीकडून वहींत लिहून घेतलें, आणि मग स्वतः म्हणाली, "वेदीच्या माळा मीच ओंवीन, त्या नातीवर सोडायच्या नाहींत." आज या मंडपांत आपण ज्या माळा पाहतां त्यांपैकीं मोगऱ्याच्या माळा त्याच घरांतून आल्या आहेत. आतां ओंवण्याचें बहुतेक काम नातच करिते. परंतु वेदीच्या माळा अजूनहि म्हातारीच्याच हातच्या आहेत.

ज्या प्रभूनें आपलीं बहुतेक वर्षें नाझरेथच्या एका सुताराच्या दुकानांत घालविलीं, आणि ज्यानें आपले पहिले शिष्य मासळीच्या जाळ्यांजवळून बोलाविले, तो आपल्या बाजारावर, आपल्या वाड्यांवर, आपल्या होड्यांवर आणि आपल्या सर्व शेजाऱ्यांवर कृपादृष्टि ठेवो.